रिफंडला घड्याळ कोण लावणार?

चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडवर १० सप्टेंबर २०२३च्या संध्याकाळी वाहने जागची हलत नव्हती. पनयूरच्या आदित्यराम पॅलेस सिटीत ए. आर. रहमान यांचा ‘मरक्कुमा नेंजम’ हा कार्यक्रम होता. तो खरे तर १२ ऑगस्टलाच व्हायचा, पण पाऊस आडवा आला आणि तारीख पुढे गेली. त्या रविवारी मैदानाला पेलवणार नाही इतकी गर्दी लोटली. महागडी तिकिटे हातात असलेली माणसे फाटकाबाहेर ताटकळली, गर्दीत मुलांची आईबापांपासून ताटातूट झाली, महिलांनी विनयभंगाच्या तक्रारी केल्या. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांच्या गाड्यांचा ताफाही त्याच कोंडीत सापडला.

दुसऱ्या दिवशी आयोजक ‘एसीटीसी इव्हेंट्स’ने माफी मागितली. रहमान यांनी तर या वेळी बळीचा बकरा मीच होतो असे म्हणत, ज्यांना तिकीट असून आत जाता आले नाही त्यांनी तिकिटाची प्रत आणि तक्रार ईमेलने पाठवावी, असे जाहीर केले. पैसे परत करण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. बहुतेक आयोजक अशा वेळी कानावर हात ठेवतात, त्या मानाने हे वागणे दिलदारपणाचेच होते.

तरीही एक प्रश्न उरतो. तिकिटाचे पैसे ऑनलाइन भरलेले. कोणी किती रुपये, कोणत्या कार्डावरून, किती वाजून किती मिनिटांनी भरले याची नोंद कुठल्याशा सर्व्हरवर पक्की होती. मग पैसे परत घ्यायला पुरावा ग्राहकाने का पाठवायचा?

शिवाय हे घडले ते चेन्नईत. बँकांसाठी एटीएम आणि कार्डव्यवहारांची प्रणाली पुरवणारी ‘फायनान्शियल सॉफ्टवेअर अँड सिस्टिम्स’ ही कंपनी १९९१पासून याच शहरातली. ‘पेपाल’चे मोठे विकासकेंद्र इथे आहे. इथल्याच ‘झोहो’ला २०२४ साली रिझर्व्ह बँकेकडून पेमेंट अ‍ॅग्रिगेटरची, म्हणजे दुकानदारांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करण्याची, परवानगी मिळाली. पैसे इकडून तिकडे नेणारे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे ज्या शहरात इतकी आहेत, तिथे पैसे परत करायला ईमेलचा पत्ता जाहीर करावा लागला.

त्याचे एक सरळ कारण आहे. पेमेंट गेटवेला पैसे कोणी भरले ते कळते. फाटकातून आत कोण गेले ते कळत नाही. कार्यक्रम पूर्ण रद्द झाला असता तर आयोजकाला सगळ्या व्यवहारांची यादी घेऊन एकदम परतावा लावता आला असता. इथे कार्यक्रम झाला होता आणि काहींना तो मिळाला नव्हता. गर्दी वाढली की सगळ्यात आधी तिकीट स्कॅन करणेच कोलमडते, त्यामुळे गैरहजेरीची नोंद भरवशाची राहत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिचा दोष गेटवेवर ढकलण्यात अर्थ नाही. पण परताव्याच्या बाकीच्या अडचणी अशा नाहीत. त्या नियमांनी तयार केलेल्या आहेत, किंवा नियम न केल्याने तशाच राहिलेल्या आहेत.

रिफंड म्हणजे झालेला व्यवहार उलटा फिरवणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा उलट दिशेचा एक नवा व्यवहार असतो. कार्डाने पैसे भरताना कार्ड देणारी बँक आधी फक्त ‘रक्कम आहे, राखून ठेवली’ एवढे सांगते. पैसे दुकानदाराच्या खात्यात पोचतात ते नंतर, दिवसाचा हिशेब जुळवून, गेटवेचे शुल्क कापून. हा हिशेब लागण्याआधीच ऑर्डर रद्द झाली, तर राखलेली रक्कम मोकळी करण्यावर भागते. एकदा हिशेब लागला की मात्र दुकानदाराला गेटवेच्या पानावर जाऊन, तो मूळ व्यवहार शोधून, पूर्ण किंवा अंशतः परतावा टाकावा लागतो. ती सूचना गेटवेकडून दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यात आणि तिथून ग्राहकाच्या बँकेकडे जाते. जाताना तीन सेकंदांत ‘हो’ म्हणणारी बँक येताना घाई करत नाही. पैसे भरताना समोर दुकानदार थांबलेला असतो आणि ‘हो’ मिळाल्याशिवाय तो माल देत नाही. पैसे परत येताना थांबलेला असतो तो ग्राहक, आणि त्याच्या थांबण्याने कोणाचेच काम अडत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा म्हणजे परताव्याचे पैसे येतात कुठून. ते दुकानदाराच्या पुढच्या विक्रीतून येतात. समजा, टी. नगरमधल्या एका दुकानाने दहा हजारांची कांजीवरम ऑनलाइन विकली आणि चार दिवसांनी ती परत आली. दुकानाची त्या दिवशी पन्नास हजारांची विक्री झाली असेल, तर गेटवे त्यातून दहा हजार वळते करून उरलेले दुकानाला देते. कोणाला काही जाणवतही नाही. विक्री झाली नसेल, तर परतावा लटकतो. दुकानदाराने गेटवेकडे वेगळे पैसे भरेपर्यंत तो पुढे सरकत नाही. एरवी नीट चालणारी ही रीत संकटाच्या दिवशी नेमकी मोडते. कार्यक्रम फसतो, सहलीची कंपनी बसते, वादळाने शहर बंद पडते, तेव्हा परत मागणारे हजारो असतात आणि नवी विक्री शून्य असते. तोवर आधी गोळा झालेले पैसे मंडप, ध्वनियंत्रणा आणि आगाऊ मानधनात गेलेले असतात.

यावर उपाय रिझर्व्ह बँकेच्याच कागदावर होता. १७ मार्च २०२०ला तिने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. ग्राहकांचे पैसे शेड्युल्ड बँकेतल्या वेगळ्या, राखीव म्हणजे एस्क्रो खात्यात ठेवायचे, हे त्यात बंधनकारक झाले. ते दुकानदाराला कधी द्यायचे याचेही पर्याय त्यात होते, आणि त्यातला एक असा की करारात तशी तरतूद असेल तर परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे अ‍ॅग्रिगेटरकडेच राहतील आणि मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत दुकानदाराला मिळतील. म्हणजे ग्राहकाचे पैसे सुरक्षित राखण्याची सोय होती, फक्त ती दोन व्यापाऱ्यांमधल्या करारावर सोपवलेली होती. त्या कराराच्या टेबलावर ग्राहकाला खुर्ची नसते. भाजी, चपला, मोबाइल यांच्यासाठी असा उशीर जाचक ठरेल, हे मान्य. पण महिना-दोन महिने आधी विकल्या जाणाऱ्या गोष्टींचे काय? मोठ्या मैफलींची तिकिटे, सहलींची नोंदणी आणि वर्षाची फी एकरकमी घेणारे क्लास यांच्या बाबतीत रकमेचा मोठा हिस्सा कार्यक्रम पार पडेपर्यंत एस्क्रोतच राहावा, अशी सक्ती करायला हवी. आयोजकांना भांडवल उभे करणे महाग पडेल. पडू दे, आज ते भांडवल प्रेक्षक बिनव्याजी पुरवतो आणि त्याला ते माहीतही नसते.

आता घड्याळाचा प्रश्न. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या. ऑनलाइन खरेदी करताना कार्डातून पैसे कापले गेले, पण दुकानदाराकडे खात्री पोचलीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. सहाव्या दिवसापासून प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता. एटीएममधून नोटा आल्या नाहीत तरी हीच मुदत. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे मध्येच अडकले तर एकच दिवस. हा नियम चांगला आहे आणि त्याने बँकांना शिस्त लावली. शंभर रुपये ही रक्कम ग्राहकाला छोटी वाटते. बँकेला मात्र ती लाखो व्यवहारांवर भरावी लागू शकते, म्हणून ती टोचते.

पण ही भरपाई यंत्र चुकले तरच मिळते. वस्तू सदोष निघाली, दुकानदाराने ती परत घेतली, ‘पैसे देतो’ असे लिहूनही दिले आणि तीन आठवडे काहीच केले नाही, तर हे शंभर रुपये लागू होत नाहीत. तिथे ई-वाणिज्य व्यवहारांचे २०२०चे ग्राहक संरक्षण नियम येतात. मान्य केलेला परतावा रिझर्व्ह बँकेने किंवा अन्य कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, नाहीतर ‘वाजवी’ काळात द्यावा, असे ते सांगतात. वाजवी म्हणजे किती, ते ठरवायला ग्राहकाने ग्राहक आयोगाची पायरी चढायची. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा थोडा अधिक स्पष्ट आहे. सदोष माल परत घेऊन पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि पावतीवर काहीच नसेल तर ३० दिवसांत पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाट्या चेन्नईच्या रिची स्ट्रीटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत कुठेही दिसतात. सदोष मालाच्या बाबतीत त्यांना या कायद्यापुढे किंमत नाही.

यंत्राच्या चुकीला पाच दिवस आणि दंड, माणसाच्या चालढकलीला तीस दिवस किंवा ‘वाजवी’ काळ. या उतरंडीचे समर्थन करणे कठीण आहे. दुकानदाराने परतावा मान्य केला त्या क्षणापासून घड्याळ सुरू व्हावे, पाच दिवस त्याला आणि त्याच्या गेटवेला, दोन दिवस ग्राहकाच्या बँकेला, आणि ज्याच्या दारात रक्कम अडली त्याने रोजचे शंभर रुपये द्यावेत. तांत्रिकदृष्ट्या यात नवे काही शोधायचे नाही. कोणती फाइल कोणाकडे कधी गेली याची वेळ प्रत्येक टप्प्यावर नोंदलेलीच असते.

मुदत असली आणि ती मोडणाऱ्याला कोणी जाब विचारला, तर काय होते हे विमान कंपन्यांकडे पाहून कळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत कार्डाने काढलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत आणि एजंटामार्फत काढलेल्याचा ३० कामकाजाच्या दिवसांत, अशी तरतूद कित्येक वर्षे होती. नियम असूनही प्रवासी खेटे घालत राहिले. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात ‘इंडिगो’ची उड्डाणे देशभर रद्द झाली, चेन्नई विमानतळावरही प्रवासी अडकले. तेव्हा केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ६ डिसेंबरला आदेश काढला की सगळे परतावे दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत पूर्ण झाले पाहिजेत. ७ तारखेला सरकारने सांगितले की ६१० कोटी रुपयांचे परतावे झाले आहेत. ज्या कामाला एरवी ‘पाच ते सात कामकाजाचे दिवस’ लागतात, त्यातला कंपनीच्या हातातला भाग तिने एका रविवारच्या संध्याकाळपर्यंत उरकला. मग एरवीचे ते दिवस कशात जातात?

‘एअर इंडिया’चे उदाहरण याहून बोलके आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तिला प्रवाशांचे १२ कोटी १५ लाख डॉलर परत करायला लावले आणि वर १४ लाख डॉलर दंड केला. तक्रारी करोनाकाळात रद्द झालेल्या किंवा वेळ बदललेल्या उड्डाणांच्या होत्या, मुख्यतः कंपनी सरकारी असतानाच्या. प्रवाशाने मागितला तर परतावा, असे कंपनीचे धोरण. उड्डाण कंपनीने रद्द केले तर परतावा द्यावाच लागतो, असा तिथला कायदा. तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त परतावे शंभराहून अधिक दिवस रखडलेले होते. भारतीय कंपनी वॉशिंग्टनच्या घड्याळाप्रमाणे चालू शकते, तर भारतातल्या घड्याळाप्रमाणे चालायला अडचण कसली?

मध्ये एजंट आला की साखळी आणखी लांबते. ‘यात्रा’ या संकेतस्थळावरून काढलेल्या आणि टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानतिकिटांचे प्रकरण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हाती घेतले. २०२१मध्ये ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटी २५ लाख रुपये थकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२०लाच अशा परताव्यांबाबत निर्देश दिले होते. तरी जून २०२४मध्ये प्राधिकरणाला आदेश काढावा लागला, तेव्हाही ४,८३७ बुकिंगचे अडीच कोटींहून अधिक रुपये बाकी होते. आदेशातला एक तपशील वाचण्याजोगा आहे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीने पाच माणसे बसवावीत आणि उरलेल्या प्रवाशांना एकेक फोन करून पैसे मिळतील असे सांगावे. चार वर्षांनी, फोन करून.

याउलट रेल्वेकडे पाहावे. डिसेंबर २०२३च्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळाने चेन्नई पाण्यात गेली. बेसिन ब्रिज आणि व्यासरपाडीदरम्यानच्या १४ क्रमांकाच्या पुलापाशी पाणी चढले आणि सेंट्रल स्थानकाच्या गाड्या थांबल्या. ४ डिसेंबरला विमानतळही बंद करावा लागला. रेल्वेने गाडी रद्द केली की ई-तिकिटाचे पैसे अर्ज न करता मूळ खात्यात किंवा कार्डावर जातात. सरकारी खात्याला एरवी कितीही नावे ठेवा, ही पद्धत खासगी आयोजकांनी उचलण्यासारखी आहे. खोट एवढीच की आयआरसीटीसी आपले सुविधा शुल्क परत करत नाही. वातानुकूलित डब्यासाठी ते ३० रुपयांपर्यंत अधिक जीएसटी, साध्या डब्यासाठी १५पर्यंत. गाडी रद्द झाली रेल्वेच्या बाजूने, सुविधा मिळालीच नाही, शुल्क मात्र गेले.

आता ग्राहकाच्या हातात काय आहे ते. ‘तुमचा रिफंड प्रोसेस केला आहे’ हा संदेश आला, तरी त्याचा अर्थ दुकानदाराने बटण दाबले इतकाच असू शकतो. सूचना खरोखर बँकिंग व्यवस्थेत शिरली की कार्डाच्या परताव्याला २३ अंकी एआरएन क्रमांक पडतो. दुकानदाराकडून तो मागून घ्यावा आणि आपल्या बँकेला द्यावा. मग ‘आमच्याकडे काही दिसत नाही’ म्हणणाऱ्या बँकेला शोध घ्यावाच लागतो. क्रमांक देता येत नसेल, तर पैसे अजून दुकानदाराच्या किंवा गेटवेच्याच दारात आहेत असे समजायला हरकत नाही. हा क्रमांक ग्राहकाला एसएमएसने आपोआप मिळावा, अशी सक्ती का नसावी, हे कोडेच आहे. कुरिअरच्या दीडशे रुपयांच्या पाकिटाचा माग काढता येतो, पंधरा हजारांच्या परताव्याचा नाही.

क्रेडिट कार्डवाल्यांसाठी आणखी एक बारकावा. बिल निघाल्यानंतर, पण भरण्याच्या तारखेआधी परतावा आला, तर तो त्या बिलात धरायचा की नाही, यावरून पूर्वी वाद होत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनी हे मिटवले: अशी रक्कम थकीत बिलातून लगेच वजा करायची आणि ग्राहकाला कळवायचे. बिल आधीच भरलेले असेल आणि परतावा पतमर्यादेच्या एक टक्का किंवा ५,००० रुपये, यांतल्या कमी रकमेहून मोठा असेल, तर तो कार्डावरच जिरवायला बँकेने स्पष्ट संमती घ्यायची. संमती नसेल तर पैसे बँक खात्यात. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि कूपन. ‘पैसे नाही मिळणार, सहा महिन्यांत वापरायची क्रेडिट नोट घ्या’ हे ऑनलाइन दुकानेही सांगू लागली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२०च्या त्याच नियमांत स्पष्ट होते की परतावा मूळ मार्गानेच जायला हवा, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास होकार दिला असेल तरच अपवाद. गुपचूप टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे होकार नव्हे.

मूळ मार्गाच्या या नियमाचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. परतावा मूळ व्यवहाराच्या क्रमांकावरून जातो. ऑक्टोबर २०२२पासून तर दुकानदाराला तुमच्या कार्डाचा क्रमांक साठवताही येत नाही, त्याच्याकडे फक्त त्या क्रमांकाऐवजीचे टोकन असते. म्हणून ‘रिफंडसाठी’ कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा पिन मागणारा प्रत्येक फोन हा ठगाचाच असतो. पैसे परत येताना ग्राहकाला काहीही टाकावे लागत नाही.

दुकानदाराची बाजू यात हरवू नये. गेटवे साधारण दोन टक्के शुल्क घेते असे धरले, तर दहा हजारांच्या साडीवर दोनशे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे छत्तीस. साडी परत आली की दहा हजार पूर्ण जातात, हे दोनशे छत्तीस मात्र बहुतेक गेटवे परत देत नाहीत. ‘पेपाल’नेही २०१९पासून तेच धोरण धरले. त्यात जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च वेगळा. त्यातच एखादा अधीर ग्राहक परतावा वाटेत असतानाच बँकेकडे तक्रार करून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत सक्तीचा परतावा, लावतो, आणि दुकानदार एकाच साडीचे पैसे दोनदा गमवावे लागू नयेत म्हणून कागद गोळा करत बसतो. लहान दुकाने कूपन पुढे करतात ती लबाडीपेक्षा या हिशेबामुळे जास्त. मुदत आणि दंड आणायचा असेल, तर हे ओझेही वाटून घ्यावे लागेल. परताव्याचा खर्च गेटवेलाही येतो, हे खरे. त्यासाठी त्याने प्रत्येक परताव्यामागे ठरावीक काही रुपये ठेवून घ्यावेत. पण टक्केवारी कशासाठी? दहा हजारांची साडी परत जावो की लाखाची सहल रद्द होवो, सर्व्हरवर नोंद एकच होते. मग दुसऱ्या वेळी दुकानदाराचे दहापट पैसे का जावेत, याचे उत्तर गेटवे कंपन्यांनी आजवर दिलेले नाही आणि रिझर्व्ह बँकेने मागितलेले दिसत नाही.